दहा हजारांत एक भाग: चुंबकाची बारीकशी चूक फिरता प्लाझ्मा कशी थांबवते

टोकामॅकवर, म्हणजे अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळवायच्या (फ्यूजनच्या) यंत्रावर, मराठीत जे काही छापून येतं, ते बहुतेक तापमानापाशीच थांबतं. पंधरा कोटी अंश, सूर्याच्या गाभ्याच्या दहापट, वगैरे. आकडा खरा आहे, पण यंत्र चालवणाऱ्यांची झोप त्या आकड्यानं उडत नाही. ती उडते एका कमी चर्चेतल्या गोष्टीनं. आतला प्लाझ्मा, म्हणजे आयन आणि इलेक्ट्रॉन सुटे झालेला तापलेला वायू, गोल फिरत असतो. त्याला धरून ठेवणारं चुंबकीय क्षेत्र दहा हजारांत एक भाग जरी वाकडं असलं, तरी हे फिरणं मंदावतं आणि कधी कधी एकदम थांबतं. थांबलं की बहुतेक वेळा सेकंदाच्या आतच सगळा प्लाझ्मा हातचा जातो.

औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. त्यामुळे मोठ्या यंत्रातली बारीक चूक म्हणजे काय, हा प्रश्न मराठवाड्यातल्या फिजिक्सच्या विद्यार्थ्याला परका राहू नये. लायगोची अडचण वेगळी, फ्यूजनची वेगळी. हा लेख दुसरीबद्दल आहे. बारावीचं चुंबकत्व आठवत असेल तर तेवढ्यावर सगळं समजतं.

फिरतं काय आणि किती वेगानं

टोकामॅक म्हणजे मेदूवड्याच्या आकाराचं पोकळ स्टीलचं भांडं. या कड्याभोवती ठरावीक अंतरावर उभ्या कॉइल बसवलेल्या असतात. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतल्या 'आदित्य'ला अशा २० कॉइल आहेत, तिथल्याच 'एसएसटी-१'ला १६. अमेरिकेत सॅन दिएगोच्या 'डीथ्री-डी'ला २४ आहेत, इंग्लंडमधल्या 'जेट'ला ३२ होत्या, आणि फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या 'इटर'ला १८. या कॉइल कड्याच्या लांब फेरीच्या दिशेनं क्षेत्र तयार करतात. प्लाझ्मातून वाहणारा विद्युतप्रवाह त्या क्षेत्राला पीळ देतो. असं पीळदार क्षेत्र कणांना भिंतीपासून लांब ठेवतं.

प्लाझ्माला फिरवतो तो मुख्यतः न्यूट्रल बीम. ड्यूटेरियमचे (जड हायड्रोजनचे) आयन वेगात आणायचे, त्यांचा विद्युतभार काढून घ्यायचा आणि ते तिरके आत सोडायचे. भार नसल्यामुळे चुंबकीय क्षेत्र त्यांना अडवत नाही. आत गेल्यावर धडका होतात, ते पुन्हा आयन बनतात आणि आपला धक्का प्लाझ्माला देतात. डीथ्री-डीच्या कड्याची मोठी त्रिज्या १.६७ मीटर, म्हणजे एक फेरी साडेदहा मीटरची. प्लाझ्माचा वेग सेकंदाला १०० किलोमीटर धरला (बीम चालू असताना हा आकडा नेहमीचा), तर सेकंदाला साडेनऊ हजार फेऱ्या होतात. आणि एवढ्या जोरात फिरणाऱ्या वस्तूचं वजन जेमतेम तीन मिलिग्रॅम! गणित सोपं आहे: सुमारे २० घनमीटर जागा, दर घनमीटरमागे ५ गुणिले १० चा १९ वा घात इतके ड्यूटेरियमचे कण. हे वजन लक्षात ठेवावं. इतक्या हलक्या वस्तूला थांबवायला फार मोठं बळ लागत नाही.

वेग मोजतात प्रकाशावरून. प्लाझ्मात थोडा कार्बन असतोच. बीममधला अणू पूर्ण उघड्या झालेल्या कार्बनला आपला इलेक्ट्रॉन देऊन जातो आणि तो कार्बन ५२९.१ नॅनोमीटरची हिरवी रेषा फेकतो. कार्बन आपल्याकडे येत असेल तर रेषा निळ्याकडे सरकते, लांब जात असेल तर तांबड्याकडे. १०० किलोमीटर वेगाला हे सरकणं साधारण ०.१८ नॅनोमीटर भरतं. तीच रेषा किती रुंद झाली यावरून आयनांचं तापमान मिळतं. म्हणजे एकाच रेषेतून दोन मापं.

फिरणं हवं कशाला, तर तीन कारणांसाठी. आतले आणि बाहेरचे थर वेगवेगळ्या वेगानं फिरले की खळबळीचे भोवरे फाटतात आणि उष्णता आत टिकते. प्लाझ्माचा दाब वाढवत नेला की काही अस्थिरता भिंतीच्या आधारानं वाढायला बघतात. फिरणारा प्लाझ्मा त्यांना वाढू देत नाही. तिसरं कारण या लेखाचं खरं कारण आहे: फिरणारा प्लाझ्मा बाहेरच्या वाकड्या क्षेत्राला स्वतःच आत येऊ देत नाही.

सममिती मोडली की हाताला धरायला काहीतरी मिळतं

क्षेत्र कड्याच्या लांब फेरीवर सगळीकडे तंतोतंत सारखं असेल, तर प्रत्येक कणाची त्या दिशेची एक राशी कायम राहते. तिच्यात कणाचा कोनीय संवेगही येतो आणि चुंबकीय क्षेत्राचा वाटाही. नियम साधा आहे: ज्या दिशेला फरक नाही, त्या दिशेचा संवेग क्षेत्र काढून घेऊ शकत नाही. अशा यंत्रात कॉइल प्लाझ्माला कितीही घट्ट धरू देत, त्याचं फिरणं त्या थांबवू शकत नाहीत.

पण असं यंत्र कुणी बांधू शकत नाही. १८ किंवा २४ कॉइल म्हणजे तितक्या फटी, आणि कॉइलखाली क्षेत्र किंचित जास्त, फटीत किंचित कमी. या चढउताराला रिपल म्हणतात. हा आराखड्यातच असतो, त्याला चूक म्हणता येत नाही. चुका वेगळ्या: कॉइल दोन-चार मिलिमीटर सरकून बसलेली, एखादी जराशी कललेली, करंट आणणाऱ्या जाड पट्ट्या एकाच बाजूनं आलेल्या, वाइंडिंगचा एक थर संपून दुसरा सुरू होतो तिथली उडी, शेजारी उभ्या यंत्राचं लोखंडी आवरण. कित्येक मीटर व्यासाच्या कॉइलला दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. हिशेब केला की तेवढ्यानंच दहा हजारांत एकच्या आसपासची वाकडी क्षेत्रं निघतात. दक्षिण कोरियाच्या 'केस्टार'मध्ये ही चूक एक लाखात एकच्या घरात आहे, आणि म्हणून तो प्लाझ्मा बऱ्याच बाबतींत वेगळा वागतो.

वाकड्या क्षेत्राचे ब्रेक दोन आहेत. बऱ्याच ठिकाणी दोन्ही एकाच वाक्यात उरकले जातात आणि तिथंच गोंधळ होतो. एक ब्रेक प्लाझ्माला जाम करतो, दुसरा नुसता ओढत राहतो. दोघांची कारणं वेगळी, लक्षणं वेगळी, उपायही वेगळे.

पहिला ब्रेक: जाम होणं

पीळदार क्षेत्राची रेषा लांब फेरी मारता मारता आखूड फेरीही, म्हणजे कड्याच्या उभ्या छेदाभोवतीची, मारते. काही थरांवर दोन लांब फेऱ्यांत बरोबर एक आखूड फेरी होते आणि रेषा पुन्हा जिथून निघाली तिथंच येते. हा दोन-एकचा थर. आता बाहेरच्या चुकीचा नकाशाही दोन-एकचाच असेल, तर रेषेला प्रत्येक फेरीत त्याच जागी त्याच बाजूला धक्का बसतो आणि धक्के साचत जातात. इतर थरांवर ते एकमेकांना खोडून टाकतात. साचले की रेषा तुटून नव्यानं जोडल्या जातात आणि तिथं चुंबकीय बेट तयार होतं. बेटाच्या आतून उष्णता सरळ बाहेर वाहते.

प्लाझ्मा फिरत असेपर्यंत हे होत नाही. बाहेरची चूक जागच्या जागी उभी असते, पण फिरणाऱ्या प्लाझ्माला ती सेकंदाला हजारो वेळा बदलणारी दिसते. गरम प्लाझ्मा तांब्याच्या तोडीचा वाहक असतो. त्या थरात प्रवाह उठतो आणि आलेलं क्षेत्र खोडतो. मात्र प्लाझ्माला थोडा का होईना रोध असतो. त्यामुळे हा प्रवाह किंचित मागे पडतो, आणि या मागे पडण्यातूनच उलटा टॉर्क निघतो.

पुढचं गणित ज्याच्या विहिरीवर किंवा बोअरवर थ्री-फेज मोटार आहे त्याला नवीन नाही. मोटारीच्या स्टेटरचं क्षेत्र मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरतं आणि रोटरला आपल्याबरोबर ओढतं. बोअरची मोटार २८५० च्या आसपास स्थिरावते. बटण दाबल्यावर सुरुवातीला रोटर आणि क्षेत्र यांच्या वेगात फार अंतर असतं. तेव्हा करंट भरपूर घेतला जातो, पण टॉर्क कमी. वेग चढत गेला की टॉर्क वाढतो, एक उंचवटा ओलांडतो, आणि मोटार झटक्यात उचलते. रब्बीत सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या आणि डीपीवर व्होल्टेज ४१५ वरून ३०० वर आलं, तर टॉर्क निम्म्यावर येतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गावर चालतो. मग मोटार नुसती घुमते, उंचवटा ओलांडत नाही, आणि थोड्या वेळात स्टार्टर पडतो.

टोकामॅकमध्ये चुकीची कॉइल स्टेटर आणि प्लाझ्मा रोटर. फरक एवढाच की इथं स्टेटरचं क्षेत्र फिरतच नाही, त्याचा वेग शून्य. म्हणून 'मोटारीनं उचलणं' याचा अर्थ इथं प्लाझ्मानं थांबणं. शेतकऱ्याला जे नको असतं तेच इथं हवं असतं: मोटार घुमत राहावी, उंचवटा कधी ओलांडू नये. चूक छोटी आहे तोवर बीमचा धक्का आणि शेजारच्या थरांची ओढ त्या थराला फिरतं ठेवते. चूक वाढवत नेली की वेग हळूहळू उतरतो. उतरला की टॉर्क आणखी वाढतो. मूळ वेगाच्या साधारण निम्म्यावर आला की तोल जातो आणि उरलेला निम्मा वेग एकदम शून्यावर पडतो. तेवढ्यात क्षेत्र आत घुसतं, बेट उघडतं आणि जागेवर कुलूपबंद होतं.

एकदा उचललेली मोटार मग व्होल्टेज थोडं पडलं तरी चालत राहते. तसंच इथंही. कुलूप लागल्यावर चूक पुन्हा पूर्वीच्या उंबरठ्याइतकी कमी करून काही उपयोग नसतो, ती त्याच्या बरीच खाली न्यावी लागते. बहुतेक वेळा तेवढा अवधीच मिळत नाही.

हा उंबरठा घनतेवर अवलंबून असतो. घनता निम्मी, तर सहन होणारी चूकही साधारण निम्मी. कल्हममधल्या 'कम्पास-सी'वर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला याचे पद्धतशीर प्रयोग झाले. म्हणून सगळ्यात नाजूक वेळ असते ती सुरुवातीची: घनता कमी, बीम अजून बंद, प्लाझ्मा आपसूक जेवढा फिरेल तेवढाच.

दुसरा ब्रेक: ओढत राहणं

याला थर, बेट, अनुस्पंदन काहीच लागत नाही. त्याचं पुस्तकी नाव फार लांब आहे. मराठीत त्याला टोरॉइडल श्यानता म्हटलं तरी चालेल. शाळेत मधाचं उदाहरण देऊन शिकवतात ती श्यानता ही नव्हे. तिथं थराला थर घासतो. इथं कण घासत नाहीत, सरकतात.

कड्याच्या आतल्या बाजूला कॉइल दाटीनं असतात, म्हणून तिथं क्षेत्र जास्त. बाहेरच्या बाजूला कमी. ज्या कणांचा रेषेच्या दिशेचा वेग कमी असतो, ते जास्त क्षेत्रात शिरू शकत नाहीत, तिथून परत फिरतात आणि बाहेरच्या बाजूला येरझाऱ्या घालत राहतात. कड्याच्या उभ्या छेदावर त्यांची वाट केळीच्या आकाराची दिसते, आणि तिला तेच नाव आहे. या येरझाऱ्यांत कण थोडा बाहेर सरकतो, थोडा आत. सममिती असेल तर एका पूर्ण येरझारीत दोन्ही सरकणी बरोबर फिटतात.

क्षेत्र कड्याभर सारखं नसेल तर ती फिटत नाहीत. प्रत्येक येरझारीत थोडी बाकी उरते आणि कण हळूहळू आपला थर सोडतो. आयन आणि इलेक्ट्रॉन सारख्या प्रमाणात सरकत नाहीत, म्हणून थराला आडवा एक बारीक प्रवाह वाहू लागतो. आडवा प्रवाह आणि आखूड फेरीचं क्षेत्र यांचा गुणाकार म्हणजे लांब फेरीच्या दिशेचं बळ. डाव्या हाताचा नियम, बारावीचाच. ब्रेक तो हाच.

टॉर्क चुकीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: चूक दुप्पट, ब्रेक चौपट. दुसरी गोष्ट जास्त त्रासाची. प्लाझ्मा गरम झाला की धडका कमी होतात, कणाची सरकणी मध्येच तुटत नाही, आणि ब्रेक घट्ट होतो. धडकांच्या एका पल्ल्यात तो आयनांच्या तापमानाच्या अडीचाव्या घातानं वाढतो, म्हणजे तापमान दुप्पट झालं की ब्रेक साडेपाचपट. प्रिन्स्टनच्या 'एनएसटीएक्स'वर मोजलेला ब्रेक आणि सिद्धांतातला ब्रेक यांचा मेळ बसल्याचं २००६ साली प्रसिद्ध झालं. त्याआधी अनेक वर्षं हे गणित कागदावरच होतं. तापमान आणखी वाढलं की मात्र हा नियम बदलतो, कारण विद्युतक्षेत्रामुळे कण कड्याभोवती वेगळ्या तऱ्हेनं वाहू लागतात आणि सरकणी पुन्हा आटोक्यात येते. म्हणून कुठलाही एक घात सगळ्या यंत्रांना लावू नये.

आणि हा ब्रेक प्लाझ्माला शून्यावर नेत नाही! तो त्याला एका ठरावीक वेगाकडे नेतो, आणि हा वेग प्लाझ्मातल्या प्रवाहाच्या उलट दिशेचा असतो. किती, ते मुख्यतः आयनांचं तापमान आतून बाहेर किती झपाट्यानं उतरतं यावर ठरतं. डीथ्री-डीवर २००८ साली हे उघड दिसलं. जवळपास थांबलेल्या प्लाझ्मावर जागेवर उभं असलेलं वाकडं क्षेत्र लावलं आणि प्लाझ्मा उलट दिशेला वेग घेऊ लागला. ज्याला सगळे ब्रेक म्हणतात, त्यानंच फिरवलं.

रिपलही याच घराण्यातला. जेटमध्ये ३२ कॉइल होत्या. त्यांचे १६-१६ चे दोन गट करून दोन्हींत वेगळा करंट सोडला, आणि रिपल ०.०८ टक्क्यांवरून मुद्दाम एक टक्क्यापर्यंत वाढवता आला. प्लाझ्माचं फिरणं उतरत गेलं आणि काठाजवळ तर दिशाच उलटली. त्यात बीमच्या वेगवान आयनांचाही हात होता. ते रिपलच्या फटीतून बाहेर निसटतात, आणि त्यांच्या जागी आत येणारा प्रवाह प्लाझ्माला उलटा ढकलतो.

कोणता ब्रेक लागलाय ते ओळखायचं कसं

आलेखावर दोन्ही वेगळे दिसतात. ओढणाऱ्या ब्रेकमध्ये वेग दहा-वीस मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त वेळ सावकाश उतरतो, खालच्या पातळीवर स्थिरावतो, आणि कॉइलचा करंट बंद केला की परत चढतो. घट मोठ्या भागावर पसरलेली असते. जाम होताना आधी दोन-एकच्या थराजवळ खळगा पडतो, मग एकदम कडा कोसळते आणि शेजारचे थरही खाली येतात.

प्लाझ्मात आधीच फिरणारं बेट असेल, तर भिंतीजवळच्या छोट्या पिकअप कॉइलमध्ये काही किलोहर्ट्झचा सिग्नल दिसतो. ब्रेक लागला की ही वारंवारता उतरत उतरत शून्यावर येते आणि सिग्नल शांत होतो. नवशिका इथंच फसतो: बेट गेलं असं त्याला वाटतं. बेट गेलेलं नसतं, थांबलेलं असतं. पिकअप कॉइलला बदलणारंच क्षेत्र दिसतं, थांबलेलं दिसत नाही. अशा वेळी भिंतीवरच्या मोठ्या चौकोनी लूपचे सिग्नल इंटिग्रेट करून बघायचे. समोरासमोरच्या लूपमधला फरक हळूहळू वाढत असेल तर कुलूप लागलेलं आहे. बऱ्याच यंत्रांत हाच सिग्नल ठरावीक मर्यादेपुढे गेला की प्लाझ्मा सावरून उतरवण्याचा आदेश आपोआप निघतो.

चूक शोधणं आणि खोडणं

कॉइलची चूक फूटपट्टीनं मोजून पुरत नाही, ती प्लाझ्मालाच विचारावी लागते. पद्धत जुनी आहे आणि चांगली आहे. कमी घनतेचा, बीम नसलेला प्लाझ्मा घ्यायचा. चूक खोडायला बसवलेल्या दुरुस्तीच्या कॉइलमधून एका दिशेला करंट हळूहळू वाढवायचा आणि कुठल्या आकड्याला कुलूप लागतं तो लिहून ठेवायचा. मग तोच प्रयोग दिशा ९० अंशांनी फिरवून, पुन्हा फिरवून, चारही बाजूंनी. यंत्र बिनचूक असतं तर चारही बिंदू शून्यापासून सारख्या अंतरावर आले असते. ते येत नाहीत. चार बिंदूंतून वर्तुळ काढायचं. त्याचा मध्य जिथं येतो, तोच दुरुस्तीसाठी ठेवायचा करंट. तीन बिंदूंवरही वर्तुळ निघतं, पण चौथा असला तर मोजमाप कितपत खरं आहे तेही कळतं. दर शॉटला, म्हणजे प्लाझ्मा पेटवण्याच्या प्रत्येक खेपेला, घनता तीच राहिली पाहिजे, नाहीतर उंबरठा हलतो आणि वर्तुळ वाकडं येतं.

पूर्वी समजूत अशी होती की दोन-एकचा तेवढा घटक निर्वातात, म्हणजे प्लाझ्मा नसताना, शून्य केला की काम झालं. तसं करूनही कुलूप लागायचं. कारण प्लाझ्मा स्वतः बाहेरच्या काही नकाशांना फुगवून मोठं करतो, विशेषतः दाब जास्त असताना. खोडायचा तो नकाशा, ज्याला प्लाझ्मा सगळ्यात जास्त प्रतिसाद देतो. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे गणित स्पष्ट झालं. तरी एक पेच उरतोच. दुरुस्तीच्या कॉइल मोजक्या असतात, त्यांचा नकाशा मूळ चुकीच्या नकाशाशी हुबेहूब जुळत नाही. एक घटक खोडताना दुसरे घटक थोडे वाढतात. म्हणजे पहिला ब्रेक सुटतो आणि दुसरा थोडा घट्ट होतो.

इटरमध्ये हे सगळं जास्त टोकदार होतं. तिथले बीम ३३ मेगावॅटचे, पण कणांची ऊर्जा दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट. कण जितका वेगवान, तितका दर वॅटमागे धक्का कमी. हिशेबानं सगळा टॉर्क ३५ न्यूटन-मीटरच्या आसपास येतो. डीथ्री-डीत १० मेगावॅटला सुमारे ८ मिळतो. टॉर्क जेमतेम चौपट, आणि फिरवायचा प्लाझ्मा तीन मिलिग्रॅमच्या जागी ग्रॅमचा एक तृतीयांश, म्हणजे शंभरपट. म्हणून इटरचा प्लाझ्मा सावकाश फिरणार आणि त्याला सहन होणारी चूकही कमी असणार. चुका खोडायला तिथं १८ दुरुस्ती-कॉइल आहेत: वर ६, बाजूला ६, खाली ६. रिपल कमी करायला भांड्याच्या दुहेरी भिंतीत चुंबकीय पोलादाचे ठोकळे घातलेले आहेत.

आणि त्याच भांड्याच्या आत आणखी २७ कॉइल आहेत, ज्यांचं काम क्षेत्र मुद्दाम वाकडं करणं हे आहे. चांगल्या प्लाझ्माच्या काठावरून अधूनमधून ऊर्जेचे झोत सुटतात. इटरच्या आकारात हे झोत भिंत झिजवून टाकतील. काठ थोडा वाकवला तर झोत थांबवता येतात, हे डीथ्री-डीवर २००४ साली दाखवलं गेलं. वाकवलं की दोन्ही ब्रेक लागायला बघतात. म्हणून कड्याभोवती एकच लाट असलेला नकाशा टाळून तीन किंवा चार लाटांचा घेतात. असा नकाशा आत जाता जाता लवकर विरतो आणि दोन-एकच्या थरापर्यंत फारसा पोचत नाही. काठावर परिणाम हवा, गाभ्यात नको. किती करंटला झोत थांबतात आणि किती करंटला गाभा थांबतो, या दोन आकड्यांमधली फट किती रुंद आहे यावरच त्या २७ कॉइल कशा चालवायच्या हे ठरतं.